कमठा विकतचा की घडवलेला?

(खांब इथे रोहा-पेण भागातल्या वाड्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं जसं झालं तसंच बहुतेक ठेवलं आहे. शेवटी सभेतले प्रश्न दिले आहेत.)

मायबहिणींनो, भावांनो, आणि मागे कठड्यावर बसलेल्या पोरांनो,

दळीच्या दाव्यांचं बोलून झालं, मोजणीचं झालं. आता शेवटचा विषय. हा पोरांनी लावून धरला म्हणून घेतला. विषय आहे धनुष्याचा. आपल्याकडे धनुष्यबाण म्हटला की लोकांना आधी मतदानाची भिंत आठवते. आपण त्या धनुष्याचं बोलत नाही. हातात धरायच्या, दोरी ओढायच्या कमठ्याचं बोलतो.

वाडीवाडीत वाद काय चाललाय तो सगळ्यांना ठाऊक आहे. कोलाडकडे नदीत होड्यांचे खेळ सुरू झाले, रिसॉर्ट उभे राहिले. आपली पोरं तिथे कामाला जातात. पाहुण्यांच्या करमणुकीला तिथे चकचकीत धनुष्य ठेवलेलं असतं. ते पोरांनी पाहिलं, ओढून बघितलं आणि आवडलं. आता ९ ऑगस्टला आदिवासी दिनाची मिरवणूक आहे, त्यासाठी वर्गणी काढून तसली धनुष्यं मुंबईहून आणायची असं एक म्हणणं. दुसरं म्हणणं म्हाताऱ्यांचं. ते म्हणतात, आपल्याला बाजारातून कमठा आणायची वेळ आली काय? आणि तिसरे काहीजण आहेत, ते सभेत बोलत नाहीत, बाहेर हळूच विचारतात की शिकारीला यातलं कुठलं बरं.

ह्या तिघांनाही उत्तर द्यायचं आहे. हळूच विचारणाऱ्यांपासून सुरू करतो.

शिकारीला कुठलं?

शिकारीला कुठलंच नाही. विकतचं नाही, घडवलेलंही नाही. हे ऐकायला कडू आहे, पण उघड सांगितलेलं बरं.

आपले आजे-पणजे रानात तिरकमठा घेऊन जात. ससा, पाखरू, घोरपड आणत, वाडीत वाटून खात. त्यात चोरी नव्हती. चोरी कायद्याने ठरवली. १९२७ च्या वन कायद्यात राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणं, फास लावणं, पाण्यात विष घालणं हा गुन्हा आहे. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच धरलं आहे. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा झालाच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. अभयारण्यात शिकार केली तर तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. शिकारीला वापरलेलं हत्यार जप्त झालं की ते सरकारजमा होतं.

आपल्याच तालुक्याच्या पश्चिमेला फणसाडचं अभयारण्य आहे, रोहा आणि मुरूड तालुक्यांत. ते १९८६ साली जाहीर झालं. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. नवाबाने बंदूक घेऊन केली ती हौस, आपल्या माणसाने पोटासाठी केली तो गुन्हा. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. पण आज अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन नुसतं शिरणं हाही गुन्हा आहे. वाट आतून जाते, मी सरपणाला चाललोय, असं सांगून हातातला कमठा लपत नाही.

काही पोरं म्हणतात, २००६ चा वनहक्क कायदा आला, आता सगळे जुने हक्क मिळाले. सगळे नाही. त्या कायद्यात हक्कांची यादी आहे. यादीत म्हटलंय की परंपरेने चालत आलेला इतर कुठलाही हक्क मिळेल, पण शिकारीचा, सापळे लावण्याचा आणि जनावराचा कुठलाही भाग काढण्याचा हक्क सोडून. तेवढा एक हक्क त्यांनी स्पष्ट बाजूला काढला. तेव्हा कुणी सांगितलं की दावा मंजूर झाला, आता रान मोकळं, तर ऐकू नका.

हे इतकं लांबण लावून का सांगतो? ज्या वाडीचे दावे पडून आहेत, त्या वाडीतला एक पोरगा सशामागे सापडला तर दुसऱ्या दिवशी बोलणं काय होतं? हे जंगल राखणारे नाहीत, हे जंगल खाणारे आहेत. कायद्याने एकाच्या गुन्ह्यामुळे वाडीचा दावा फेटाळता येत नाही. पण तोंडं उघडतात, चौकशा लांबतात, आणि ज्या बाईने पावसापाण्यात तीन वेळा तालुक्याला खेपा घातल्या तिचा कागद खाली जातो. तिच्या नाचणीच्या दळीपुढे एका सशाची किंमत किती ते आपणच ठरवा.

मग कमठा कशाला?

शिकार नाही तर कमठा कशाला, असा प्रश्न पडेल. तीन कामं उरतात आणि तिन्ही मोठी आहेत.

पहिलं काम खेळाचं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम नावाचा आदिवासी पोरगा होता. लहानपणी बांबूच्या कमठ्याने चिमण्या, तित्तर मारायचा. १९८७ साली सरकारी चाचणीत त्याची निवड झाली आणि तो शिकायला दिल्लीला गेला. १९९२ साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत त्याने ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेतले आणि तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. रानात शिकलेली नजर तीच, निशाण बदललं.

दुसरं काम सणाचं आणि मिरवणुकीचं. बिरसा मुंडाचं चित्र काढा म्हटलं तर पोरं हातात धनुष्य काढतात. आदिवासी म्हटलं की कमठा ही ओळख आहे, आणि ती आपली आपण मिरवावी.

तिसरं काम शिकवण्याचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यांत मोठं. कमठा करायचा तर कुठला बांबू, किती जून, कधी तोडायचा, दोरीला कुठल्या झाडाची साल, हे सगळं ठाऊक लागतं. म्हणजे रान ठाऊक लागतं. ज्याला रान ठाऊक आहे तोच उद्या वनहक्क समितीत बसून सांगू शकतो की आमची वहिवाट कुठवर होती.

आता ह्या तीन कामांच्या हिशेबाने विकतचा आणि घडवलेला, दोन्ही बघू.

विकतचा

विकतच्याला सरसकट नावं ठेवायची नाहीत. त्यातही दोन जाती आहेत. एक ती रिसॉर्टवाली, काचेच्या धाग्याची, म्हणजे फायबरची. तिचे गुण आहेत. कोकणच्या पावसात ती फुगत नाही, तिला भुंगा लागत नाही, वाकली तरी परत सरळ होते. दहा आणली तर दहाही सारखी निघतात. शाळेत वीस पोरांना एकाच वेळी शिकवायचं असेल तर हे सोयीचं आहे. दोरी तुटली तर दुसरी मिळते.

दुसरी जात स्पर्धेच्या बांबूच्या धनुष्याची. आपल्या देशात धनुर्विद्येच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ म्हणून एक प्रकार आहे. त्यात बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण चालतात, अंतर ३० आणि ५० मीटर. नवीन पोरं तिथूनच सुरुवात करतात. ऑलिम्पिकचं यंत्रासारखं धनुष्य वेगळं, तिथे अंतर ७० मीटर, आणि त्याची किंमत आपल्या आवाक्यातली नाही. तेव्हा आपला पोरगा किंवा पोरगी जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार असेल, तर तिथल्या नियमात बसणारं बांबूचं धनुष्य विकत आणावं. त्यात कमीपणा नाही. स्पर्धेत सगळ्यांच्या हातात सारखंच असतं आणि शिकवणाऱ्यालाही तेच ठाऊक असतं.

आता उणं. विकतचा कमठा एका मापात येतो. तो आपल्या हाताला बसतो का हे दुकानदार बघत नाही, त्याला पेटी विकायची असते. स्वस्तातल्या बांबूच्या कमठ्यात पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. आषाढातली ओल लागली की सांधा सुटू लागतो आणि ओढताना फुटला तर तोंडावर येतो. तिसरी गोष्ट पैशाची. भट्टीवरच्या किती दिवसांच्या मजुरीत एक धनुष्य येतं तो हिशेब घरात बसून करा, मगच वर्गणी काढा. उचल घेऊन तर मुळीच आणू नका. उचलीवर आणलेल्या धनुष्याचा मालक भट्टीवालाच असतो.

आणि एक तिसरी जात आहे, तिला मी धनुष्य म्हणतच नाही. रंग लावलेलं, झालर लावलेलं, पाहुण्यांच्या भिंतीवर टांगायला विकतात ते. मिरवणुकीत ते आणू नका. त्याला ताण नसतो, कुणी ओढलं तर मोडतं, आणि ती मोड आपल्या नावावर पडते.

घडवलेला

घडवलेल्या कमठ्याचं मूळ लाकडात. आपल्या रानात दोन गोष्टी मिळतात, धामण आणि बांबू.

धामणीला संस्कृतात धनुर्वृक्ष असं नावच आहे. बायांना ती कावडीमुळे ठाऊक आहे, बापयांना कुऱ्हाडीच्या दांड्यामुळे. वाकते, पण तुटत नाही, आणि भार काढला की परत जाग्यावर येते. कमठ्याला हाच गुण लागतो. पण एक लक्षात ठेवा. धामण हे झाड आहे. कमठ्यासाठी राखीव जंगलातली उभी धामण तोडली तर तोही गुन्हाच. एका कमठ्यापायी खोड आडवं करायचं नाही.

म्हणून आपल्याला बांबू बरा. बांबू तोडला की त्याच बेटातून पुन्हा येतो. कोवळा नको, तीन-चार वर्षांचा जून हवा. कोवळा हिरवागार आणि तुकतुकीत दिसतो, त्याला भुलायचं नाही. पावसाळ्यात तोडायचा नाही. पाऊस संपून थंडी पडली की तोडायचा. तेव्हा त्यातला गोड रस कमी असतो, म्हणून भुंगा कमी लागतो. म्हातारे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायला सांगतात, तीही सवय ठेवा. तोडल्यावर काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला की तडकतो.

घडवताना ध्यानात ठेवायचं की बांबूचा कडकपणा सालीजवळ असतो आणि गाभ्याकडे तो मऊ होत जातो. म्हणून तासायचं ते आतल्या बाजूने. साल खरवडली की जीव गेला. गाठ म्हणजे पेर मुठीत येईल असं बघायचं. मुठीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही भाग सारखे वाकले पाहिजेत. एक जास्त वाकला तर सगळा ताण त्याच्यावर येतो आणि तो तिथेच मोडतो. म्हणून थोडं तासायचं, वाकवून बघायचं, परत थोडं तासायचं. इथे घाई करणाऱ्याचं काम नाही.

दोरीला भिल्लांकडे बांबूचीच चीप लावतात. आपल्याकडे केवणीच्या सालीचा दोर वळता येतो. तीच केवण, जिच्या पिळदार शेंगेला मुरुडशेंग म्हणतात आणि बाळाच्या पोटदुखीला उगाळून देतात. अंबाडीही चालते. बाणाला बोरू सरळ बघून घ्यायचा. वाकडा असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा. मागे पीस लावायचं ते कोंबडीचं. मोराचं किंवा रानातल्या दुसऱ्या पाखराचं लावायचं नाही, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. टोक बोथट ठेवायचं. आपल्याला पेंढ्याच्या भाऱ्यावर मारायचं आहे.

घडवलेल्याचं उणंही सांगतो. वेळ लागतो. एकदा जमला तसाच दुसरा जमेल असं नाही. आणि करणारे हात आता थोडे राहिलेत. वाडीत एखादाच म्हातारा असतो, कुठे तोही नाही. त्याला फुकट राबवायचं नाही. आपण बाहेर मजुरीचे पैसे मोजून घेतो आणि आपल्या म्हाताऱ्याला चहावर बसवतो, हे बरं नव्हे. विकतच्याला वर्गणी काढणार होतात ना, त्यातलीच मजुरी त्याला द्या.

आपल्या मापाचा म्हणजे काय

घडवून घेण्याचा खरा फायदा मापात आहे. दोन्ही हात बाजूला पसरा. एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत सुतळीने मोजा. त्याला अडीचने भागा. तेवढी तुमची ओढ. १६० सेंटिमीटर भरलं तर ओढ ६४. बाण त्याहून तीन-चार बोटं लांब पाहिजे, म्हणजे मागे ओढल्यावर टोक मुठीत येत नाही. बांबूचा साधा कमठा उभा धरला तर साधारण आपल्या उंचीएवढा असावा. आखूड कमठा जास्त वाकतो आणि लवकर मोडतो.

मग ताण. तांदूळ तोलायचा ताणकाटा घ्या. कमठा मुठीला बांधून आढ्याला टांगा, दोरी खाली. काटा दोरीत अडकवून आपल्या ओढीइतका खाली ओढा. समोर उभं न राहता बाजूला उभं राहून ओढा. दहा-बारा वर्षांच्या पोराला पाच-सहा किलो ताण पुरे. मोठ्या नवख्या माणसाला दहा-बारा पुरे. पोरं ताकद दाखवायला जास्त ताणाचा मागतात. ओढून दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरला नाही तर तो कमठा तुमचा. थरथरला तर अजून तुमचा नाही.

ही परीक्षा विकतच्यालाही लावा. विकत घेताना वर-खाली वाक सारखा आहे का, सांधा सुटतोय का, तडा आहे का, दोरीचा धागा उसवलाय का, हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

दोन्हींना काही नियम सारखेच. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, सगळा झटका कमठ्यालाच बसतो. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. उन्हात नाही, अगदी चुलीवरही नाही. निशाणामागे माणूस, गुरू, वाट काही नको. आकाशात बाण सोडायचा नाही. पोरांनी कुणी मोठं माणूस असल्याशिवाय हात लावायचा नाही.

बांबू कुणाचा?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विकतच्या धनुष्यात बांबू कुणाचा हे विचारावं लागत नाही, बिल मिळतं. घडवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. बांबू कुठल्या रानातला, आणि तो तोडायचा हक्क कुणाचा?

वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणजे काय ते लिहिलं आहे, आणि त्यात बांबूचं नाव स्पष्ट आहे. वेत, मध, मेण, लाख, त्यातच बांबू. परंपरेने जे गोळा करत आलो ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क कायदा देतो. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे. त्यांनी सामूहिक दावा केला आणि २००९ साली त्यांना जंगलाचा हक्क मिळाला. तरी बांबूला वाहतुकीचा पास मिळेना, कारण खातं बांबूला झाडच म्हणत राहिलं. गाव हटलं नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये दिल्लीहून मंत्री गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पास द्यायचा हक्क गावाचा झाला.

आपण रायगडातले लोक दळीच्या मागे लागलो आणि ते बरोबरच आहे. पोट तिथे आहे. पण वैयक्तिक दावा, नमुना ‘अ’, एवढ्यावरच पुष्कळ वाड्या थांबल्या. नमुना ‘ब’, सामूहिक दावा, तो कपाटात राहिला. बांबू, केवण, सरपण, मध, रानभाजी, नदीतली मासळी हे सगळं त्या ‘ब’ मध्ये आहे. आता पोरांना कमठ्याचं वेड लागलंय तर त्या वेडाचा उपयोग करू या. म्हाताऱ्याला घेऊन पोरं रानात जाऊ देत. कुठलं बेट, कुठली वाट, त्याचा बाप कुठून बांबू आणायचा, पाणवठा कुठला, देव कुठला, हे वहीत उतरून घ्या. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा ह्या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरला आहे. देवाची जागा, मसणवट, जुनी विहीर याही पुरावा आहेत. म्हणजे कमठ्याचा बांबू शोधता शोधता दाव्याचा अर्धा कागद तयार होतो.

द्रोणाने एकलव्याचा अंगठा मागून घेतला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. आज स्पर्धेत बघा, दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा दोरीला लागतच नाही. तेव्हा अंगठा गेला तरी बाण मारता येतो. आपला अंगठा खरा गेला तो सावकाराच्या कागदावर आणि न वाचलेल्या फॉर्मवर. तो तिथे जपा.

मोर्च्यात न्यावा का?

एकच सावधगिरी. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात बंदीहुकूम लागतो. सणासुदीला, निवडणुकीला लागतोच. तेव्हा सार्वजनिक जागी काठीसुद्धा नेता येत नाही, मग कमठ्याची काय कथा. मिरवणुकीच्या आधी ठाण्यात लेखी कळवा, हुकूम आहे का विचारा, पोच घ्या. हुकूम असेल तर कमठा घरी, झेंडा हातात. नसेल तर दोरी उतरवलेला कमठा, आणि बाण मुळीच नाहीत. १९३० साली २५ सप्टेंबरला चिरनेरला आपल्या नाग्या महादू कातकऱ्याने जंगल सत्याग्रहात गोळी झेलली. तिथे लोक जमले होते ते जंगलाच्या हक्कासाठी. आपला मोर्चाही त्याच हक्कासाठी आहे. कमठ्यावरून गुन्हा नोंदवून घेऊन तो भलतीकडे जाऊ द्यायचा नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. स्पर्धेला जाणाऱ्या पोरांसाठी वर्गणीतून एक-दोन स्पर्धेची धनुष्यं विकत आणा, वाडीच्या नावावर, एकट्याच्या नाही. मिरवणुकीला आणि शिकवायला कमठे वाडीतच घडवा, ज्याच्या त्याच्या मापाचे, आणि घडवणाऱ्याला मजुरी द्या. शिकारीसाठी एकही नाही. आणि ज्या वाडीचा सामूहिक दावा राहिलाय तिने थंडीत बांबू तोडायच्या दिवसांआधी ग्रामसभा घेऊन ठराव करावा.

सभेतले प्रश्न

प्रश्न : दळीत रानडुक्कर येतं, अख्खी नाचणी लोळवतं. बघत बसायचं काय?

उत्तर : बघत बसायचं नाही, पण बाणही मारायचा नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. नुकसान झालं की लगेच, त्याच दिवशी लेखी कळवा, पंचनामा मागा, अर्जाची पोच घ्या. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही. पण पीक वाचवणं आणि जीव वाचवणं वेगळं आहे, हे विसरू नका. दळीचा कागद नाही म्हणून भरपाई नाकारली तर ते लेखी घ्या आणि संघटनेकडे आणा.

प्रश्न : घरात आज्याचा जुना कमठा आहे. तो ठेवला तर पकडतील काय?

उत्तर : आज्याचा कमठा घरात टांगलेला असणं म्हणजे शिकार नव्हे. तो रात्री रानात नेऊ नका. घरात शिंग, कातडं, नखं असलं काही ठेवू नका, त्याचा मात्र गुन्हा होतो. कुणी येऊन कमठा उचलला तर पंचनाम्याची नक्कल मागा आणि कोरड्या कागदावर अंगठा देऊ नका.

प्रश्न : पोरींना शिकवायचं काय?

उत्तर : का नाही? झारखंडची दीपिका कुमारी रिक्षा चालवणाऱ्याची मुलगी. सुरुवात बांबूच्या धनुष्यावर केली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं आणली. आपल्या पोरी डोक्यावर दोन हंडे घेऊन घाट चढतात, त्यांना पाच किलोचा ताण जड नाही. पहिला कमठा वाडीतल्या पोरीच्या मापाचा घडवा, माझं तेवढं ऐका.

प्रश्न : आमच्या वाडीत घडवणारा कुणीच राहिला नाही.

उत्तर : मग ज्या वाडीत आहे तिथे दोन पोरं पाठवा. आज इथे पंधरा-वीस वाड्यांचे लोक बसलेत. जाण्याआधी नावं सांगा, कुणाच्या वाडीत कोण म्हातारा आहे ते. वही ह्या ताईंकडे आहे.

जिंदाबाद.